खाणीतील जीवाश्म आणि त्यांचे अभ्यासक

पोलादाच्या कारखान्याचा विचार करताना जीवसृष्टीची आठवण सहसा कोणाला होत नाही. तप्त लोखंड, धूर, यंत्रांचा खडखडाट आणि मालगाड्यांची ये-जा हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु झोतभट्टीच्या तोंडात काय काय पडते याचा हिशोब मांडला, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. भट्टीला मुख्यतः तीन पदार्थ लागतात : लोहखनिज, कोक आणि चुनखडी. कोक दगडी कोळशापासून होतो, आणि दगडी कोळसा म्हणजे गाडल्या गेलेल्या अरण्यांचा अवशेष. दामोदर खोऱ्यातील कोळसा ज्या वनांपासून झाला त्यांत ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या वनस्पतीचे प्राबल्य होते. लोहखनिजाची गोष्ट थोडी अधिक दूरची आहे. पट्टित लोहखडक ज्या प्राचीन समुद्रांत साचले, तेथे पाण्यात विरघळलेल्या लोहाचे गंजात रूपांतर होण्यास सूक्ष्मजीवांनी सोडलेला प्राणवायू कारणीभूत झाला, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. राहिली चुनखडी. तिच्याविषयी या प्रकरणात सविस्तर बोलावयाचे आहे, कारण भिलाईची चुनखडी जीवांच्या कर्तृत्वाचा उघड पुरावा अंगावर बाळगून आहे.

भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारला गेला. १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोहखनिज दक्षिणेकडील दल्ली-राजहराच्या डोंगरांतून, डोलोमाइट बिलासपूरकडील हिर्रीच्या खाणीतून आणि चुनखडी कारखान्यापासून सुमारे २३ किलोमीटरवर असलेल्या नंदिनीच्या खाणीतून, अशी योजना होती. भट्टीत चुनखडीचे काम स्वच्छतेचे असते. खनिजातील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि वितळलेल्या लोखंडावर मळी म्हणून तरंगू लागते; ती काढून टाकता येते. चुनखडीतच सिलिका अधिक असेल तर हे काम बिघडते. म्हणून खाणीतील भूवैज्ञानिकाचे लक्ष दगडाच्या रासायनिक प्रतीकडे लागलेले असते. त्याच दगडात काय कोरलेले आहे, ते पाहण्यासाठी त्याला पगार मिळत नाही, आणि येथूनच आपला विषय सुरू होतो.

नंदिनीचा दगड चंडी नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्तरसमूहात मोडतो. छत्तीसगडचे खोरे सुमारे ३३ हजार चौरस किलोमीटर पसरलेले आहे. त्यात तळाशी चंदरपूरचे वालुकाश्म आणि त्यांवर चुनखडी व शेल यांचे आलटून पालटून थर आहेत : चारमुरिया, गुंडरदेही, चंडी, तरेंगा, हिर्री, मनियारी. वाचकाने ही नावे पाठ करण्याची गरज नाही. ध्यानात ठेवण्याजोगे इतकेच, की चंडी चुनखडीवर तरेंगाचे शेल आहेत आणि त्यांच्यावर हिर्रीचा डोलोमाइट आहे; म्हणजे भिलाईच्या भट्टीत पडणारे दोन पदार्थ एकाच प्राचीन समुद्राच्या दोन वेगळ्या काळांतील गाळ आहेत.

चंडी चुनखडीचा कापलेला पृष्ठभाग पाहिला तर कांद्याच्या चकत्यांसारखी एकात एक वर्तुळे दिसतात. उभा छेद घेतला तर तेच स्तंभ, घुमट वा उलट्या वाट्यांच्या उतरंडीसारखे भासतात. यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. हे नाव १९०८ मध्ये जर्मन भूवैज्ञानिक कालकोव्स्की यांनी दिले. स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे एखाद्या प्राण्याचा सांगाडा नव्हे. ती वसाहतीने केलेली बांधणी आहे. उथळ समुद्राच्या तळावर सूक्ष्मजीवांचा, विशेषतः नीलहरित शैवले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूंचा, चिकट गालिचा पसरलेला असतो. त्याच्या बुळबुळीत पृष्ठभागावर चुन्याचे कण अडकतात, काही चुना तेथेच निक्षेपित होतो. कणांखाली गाडले गेलेले जीव उजेडासाठी वर सरकतात आणि नवा गालिचा अंथरतात. असे थरावर थर चढत जातात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क उपसागरात आजही असे स्तंभ वाढत आहेत. त्यांची वाढ वर्षाला फार तर अर्धा मिलिमीटर होते. १९५० च्या दशकात त्यांचे महत्त्व ओळखले गेले, आणि तोवर ज्यांना केवळ दगडातील नक्षी समजले जाई त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली.

योगायोग असा, की भिलाईत सोव्हिएत अभियंते भट्ट्या उभारीत होते त्याच सुमारास त्यांचे भूवैज्ञानिक देशबांधव स्ट्रोमॅटोलाइटांच्या आकारांवरून अतिप्राचीन काळाचे विभाग पाडण्याच्या खटाटोपात होते. ज्या खडकांत शंख-शिंपले नाहीत त्यांचे वय ठरवावयाचे कसे, हा त्या काळचा बिकट प्रश्न होता. विशिष्ट आकाराचे स्तंभ विशिष्ट कालखंडात आढळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारतात विंध्य, छत्तीसगड व हिमालय येथील खडकांना ही पद्धत लावून पाहण्यात आली, के. एस. वल्दिया यांनी १९६० च्या दशकात हिमालय व विंध्य यांबाबत केलेले काम प्रसिद्ध आहे. पुढे असे आढळले, की स्तंभाचा आकार काळावर जितका अवलंबून असतो तितकाच, किंबहुना अधिक, पाण्याची खोली, लाटांचा जोर आणि गाळाचा पुरवठा यांवर अवलंबून असतो. पद्धत सर्वस्वी चुकीची नव्हती. तिच्यावर टाकलेले ओझे तिला पेलवले नाही.

मग छत्तीसगडच्या स्ट्रोमॅटोलाइटांचे वय कसे ठरले? उत्तर जीवाश्मांतून आले नाही. ते ज्वालामुखीच्या राखेतून आले. समुद्रात पडलेल्या राखेच्या थरात झिर्कॉन नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक असतात आणि त्यांतील युरेनियम ठरावीक गतीने शिशात बदलते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सर्बानी पत्रनबिस-देब आणि अश्रू चौधुरी, सिरॅक्यूज विद्यापीठातील बिकफर्ड, इंडियाना विद्यापीठातील अभिजित बसू आदींनी छत्तीसगड खोऱ्याच्या वरच्या भागातील राखथरांचे असे मापन केले. २००७ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ही राख सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीची आहे, आणि म्हणून या प्रदेशातील स्तरांच्या वयात सुमारे ५० कोटी वर्षांची दुरुस्ती करावयास हवी. २०११ मध्ये दुर्गजवळच्या धमधा येथील राखथराचे मापनही प्रसिद्ध झाले. तो तरेंगाच्या स्तरांतील आहे, म्हणजे नंदिनीच्या चुनखडीच्या वरचा. सबब नंदिनीचे स्तंभ त्याहून जुने आहेत. पन्नास कोटी वर्षांची दुरुस्ती ही काही किरकोळ बाब नव्हे. तेवढ्या काळात पृथ्वीवर पहिल्या कवचधारी प्राण्यांपासून मानवापर्यंतचा बहुतेक सर्व प्रवास मावतो.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. सांख्यिकीसाठी स्थापन झालेल्या संस्थेत भूविज्ञानाचा विभाग कसा आला? प्रा. महालनोबिस यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना पाचारण केले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, म्हणजे आपल्या सिरोंचाच्या पलीकडच्या तीरावरील प्रदेशात, उत्खनने सुरू झाली. तेथे मिळालेल्या अस्थींतून बारापासॉरस या प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा उभा राहिला. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या स्मरणार्थ त्याच्या जातिनामात टागोरांचे नाव आले, आणि १९७५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. नियोजनाचे आकडे मांडणाऱ्या संस्थेच्या आवारात डायनोसॉर उभा आहे, हे दृश्य कोणाला विसंगत वाटेल. प्रस्तुत लेखकाला ते फार शहाणपणाचे वाटते.

जीवाश्माचा प्रवास चार घरांतून होतो. तो उजेडात येतो बहुधा खाणीत, रस्त्याच्या खोदकामात किंवा विहिरीच्या खड्ड्यात. येथे मालक उद्योग असतो. त्याचे स्थान, थर आणि नकाशा यांची नोंद शासकीय सर्वेक्षणाकडे असते. त्याचा अर्थ लावण्याचे सामर्थ्य बव्हंशी विद्यापीठांत असते. आणि शंभर वर्षांनंतर एखाद्या नव्या अभ्यासकाला तोच नमुना पुन्हा हाताळता यावा याची हमी केवळ संग्रहालय देऊ शकते. यांपैकी कोणतेही एक घर बंद असले तर जीवाश्म हरवतो. तो फुटून भट्टीत जातो, किंवा कपाटात चिठ्ठीवाचून पडतो, किंवा एका माणसाच्या टिपणवहीबरोबर नाहीसा होतो.

हे सहकार्य साधले तर काय होते, याचा उत्तम दाखला छत्तीसगडच्याच उत्तर टोकाला आहे. गोंडवन काळातील कोळसा हा गोड्या पाण्यातील गाळात झाला, असे सर्वसाधारण मत होते. १९२१ मध्ये रीवा संस्थानाचे भूवैज्ञानिक के. पी. सिनोर यांना उमरियाच्या कोळसाक्षेत्राजवळ सागरी शिंपल्यांचा एक पातळ थर आढळला. सिनोर यांचे काम कोळसा शोधण्याचे होते; शिंपले त्यांच्या हिशोबात बसणारे नव्हते. तरीही त्यांनी ते बाजूला टाकले नाहीत. नमुने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे गेले, आणि १९२८ मध्ये केंब्रिजचे जीवाश्मतज्ज्ञ कूपर रीड यांचे त्यांवरील वर्णन सर्वेक्षणाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संस्थान, सर्वेक्षण आणि विद्यापीठ यांची ही साखळी पूर्ण झाली नसती, तर भारताच्या मध्यभागी एकेकाळी समुद्राचा फाटा शिरला होता हे कदाचित आणखी काही दशके कळले नसते.

पुढे १९५४ मध्ये मनेंद्रगढजवळ हसदेव नदीच्या पात्रात एस. के. घोष यांना असेच सागरी जीवाश्म सापडले. हा प्रदेशही कोळशाचाच आहे. तेथील खडक सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे असून ते तालचिर या हिमयुगीन स्तरांत मोडतात. युरिडेस्मा आणि अ‍ॅविक्युलोपेक्टेन या शिंपल्यांचे ठसे त्यांत विपुल आहेत. युरिडेस्मा हा थंड पाण्यातील प्राणी. तोच ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिका खंडात, दक्षिण अमेरिकेत आणि मिठाच्या डोंगररांगेत, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, आढळतो. हिमनद्या वितळल्या, समुद्राची पातळी चढली आणि थंड पाणी गोंडवनाच्या अंतर्भागात शिरले, हा इतिहास एका नदीच्या पात्रातील काही मीटर खडकावर वाचता येतो. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हे स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे. आज ते मनेंद्रगढ-चिरमिरी-भरतपूर जिल्ह्यात येते. भोवतालच्या कोळसाखाणी चालूच आहेत, आणि नदीतील हा तुकडा शाबूत आहे. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे यावरून दिसते.

संग्रहालयाच्या घराविषयी मात्र आपल्याकडे उणीव जुनीच आहे. नागपूरचे धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या प्रदेशात जीवाश्मांचा मोठा संग्रह केला. वर्धा खोऱ्यातील मंगळी येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स या नावाने केले. नागपूर परिसरातील वनस्पति-जीवाश्मांवर बनबरी यांचा लेख १८६१ मध्ये आला. कवटी लंडनला गेली ती तेथेच राहिली. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजबबंगला म्हणतो, १८६३ मध्ये उघडले. त्याच वर्षी हिस्लॉप नदीत बुडून मरण पावले. लंडनला नमुना गेल्यामुळे तो टिकला, हे मान्य केले पाहिजे. पण विदर्भातील विद्यार्थ्याला आपल्या जिल्ह्यातील उभयचर पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो, हेही तितकेच खरे.

नमुना टिकला तर त्याचा अर्थ पुन्हा लावता येतो. गुजरातमधील ढोली डुंगरी हे याचे सर्वांत सुंदर उदाहरण. खेडा-बालासिनोरचा हा पट्टा सिमेंटसाठी लागणाऱ्या चुनखडीचा. १९८० च्या दशकाच्या आरंभी या भागात डायनोसॉरची अंडी व अस्थी मोठ्या प्रमाणावर उजेडात आल्या. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे, ज्यांचा नागपूरशी दीर्घ संबंध राहिला, त्यांनी ढोली डुंगरी येथील अंडी आणि त्यांजवळील लहानग्या अस्थी यांचे वर्णन १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. त्या सर्व अस्थी अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या डायनोसॉर-पिलाच्या आहेत, असे तेव्हा वाटले. २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला, आणि काही मणके डायनोसॉरचे नसून सापाचे आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. आता पेच असा होता, की दगड सर्वेक्षणाच्या, म्हणजे भारत सरकारच्या मालकीचा, आणि त्यावरील कठीण आवरण काढण्याची साधने मिशिगनच्या संग्रहालयात. २००४ मध्ये खाण मंत्रालयाशी करार झाला, दगड तेथे नेऊन साफ करण्यात आला, आणि २०१० मध्ये मोहबे व विल्सन यांनी सहकाऱ्यांसह सनाजेह इंडिकस या सापाचे वर्णन केले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला, शेजारी अर्ध्या मीटरचे पिलू, आणि हे सारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या एका क्षणी गाडले गेलेले. पहिला अर्थ आणि दुसरा अर्थ यांत तेवीस वर्षांचे अंतर आहे. एवढा काळ तो दगड कोणीतरी सांभाळला, त्यावरील क्रमांक पुसू दिला नाही, आणि पहिल्या संशोधकाने दुसऱ्याला तो दाखविण्यास संकोच केला नाही. या तिन्ही गोष्टी शास्त्रीय निबंधात छापल्या जात नाहीत.

त्याच परिसरातील राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसभक्षक डायनोसॉरची कथा साधारण अशाच वळणाची आहे. अस्थी १९८० च्या दशकात सर्वेक्षणाने गोळा केल्या. वर्णन मात्र २००३ मध्ये सर्वेक्षण, पंजाब विद्यापीठ आणि अमेरिकी विद्यापीठे यांच्या संयुक्त अभ्यासातून आले. कच्छमधील पानंध्रो येथील लिग्नाइटच्या खाणीत २००५ मध्ये मिळालेल्या सत्तावीस मणक्यांचे रहस्य २०२४ मध्ये उलगडले. रुरकी येथील तंत्रज्ञान संस्थेच्या देबजित दत्त आणि सुनील बाजपेयी यांनी त्याला वासुकी इंडिकस असे नाव दिले आणि या सापाची लांबी ११ ते १५ मीटर असावी असा अंदाज केला. खाणीतून वेळेत उचलले म्हणून मणके वाचले. लिग्नाइट तर केव्हाच जळून गेले.

उद्योग आणि जीवाश्मविज्ञान यांचा संबंध केवळ अपघाती नाही, हे खनिज तेलाच्या व्यवसायाने फार पूर्वी ओळखले. विहिरीतून वर येणाऱ्या चुऱ्यात मोठा जीवाश्म शिल्लक राहत नाही. परंतु फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचे अखंड राहतात, आणि त्यांवरून छिद्र कोणत्या थरात पोहोचले ते कळते. १९२० च्या दशकात टेक्सासमध्ये एस्थर अ‍ॅप्लिन, आल्व्हा एलिसर आणि हेडविग निकर या तीन स्त्री-संशोधकांनी हे सिद्ध केले. त्या परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांत नोकरीला होत्या, तरी १९२५ मध्ये त्यांनी एकत्र निबंध लिहिला. व्यापारी गुपिते जपणाऱ्या कंपन्यांनी याला संमती दिली, कारण शेजाऱ्याच्या विहिरीतील थर कळल्याखेरीज आपल्या विहिरीचा अर्थ लागत नाही. भारतात तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १९५६ मध्ये झाली आणि त्याच्या प्रयोगशाळांत सूक्ष्मजीवाश्मांचा अभ्यास हा नित्याचा भाग झाला. लखनौ येथील बिरबल साहनी यांच्या नावाच्या संस्थेने परागकणांच्या साहाय्याने कोळशाच्या थरांची जुळणी करण्याचे काम केले. साहनींनी या संस्थेचे स्वप्न पाहिले, ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसविली, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच साहनी निवर्तले. त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी ती पुढे नेली.

मग चुनखडीच्या खाणीत असे सहकार्य आपोआप का घडत नाही? कारण सरळ आहे. तेलाला जीवाश्मांची गरज आहे, चुनखडीला नाही. स्तंभांच्या मधल्या फटींत चिखलाचा अंश अधिक असेल तर सिलिका वाढते, एवढाच उपयोगाचा धागा. यापलीकडे खाण-व्यवस्थापकाच्या दृष्टीने जीवाश्म म्हणजे संकटाची चाहूल होय : कोणी तज्ज्ञ येईल, काम थांबवा म्हणेल, अर्जफाटे होतील. ही भीती निराधार नाही, आणि अभ्यासकांनी तिची टवाळी करू नये. काम किती दिवस थांबेल, कोणाच्या खर्चाने, आणि निर्णय कोण देईल, हे आधीच ठरलेले असेल तरच कामगार सापडलेली वस्तू लपविणार नाही.

कॅनडातील अल्बर्टा प्रांताचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे जीवाश्म शासनाचा ठरतो आणि सापडल्यास कळविणे हे खाणचालकावर बंधनकारक आहे. मार्च २०११ मध्ये तेलवाळूच्या खाणीत उत्खनन-यंत्र चालविणाऱ्या कामगाराला वेगळ्या रंगाचा, नक्षीदार दगड दिसला. त्याने यंत्र थांबविले, कंपनीने रॉयल टिरेल संग्रहालयाला कळविले, आणि संग्रहालयाचे लोक येऊन पोहोचले. उचलताना दगड फुटला. प्लास्टरमध्ये बांधून तो नेण्यात आला, आणि मार्क मिचेल या तंत्रज्ञाने सात हजारांहून अधिक तास खर्चून तो कोरून काढला. आत कातडीच्या खवल्यांसह जतन झालेला, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा चिलखती डायनोसॉर होता. २०१७ मध्ये त्याचे नामकरण झाले तेव्हा जातिनाम तंत्रज्ञाच्या नावावरून देण्यात आले. आपल्याकडे दगड साफ करणाऱ्याचे नाव आभाराच्या ओळीतही क्वचितच येते. या फरकावर विचार व्हावा.

सहकार्य म्हणजे एकमत नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. १९९८ मध्ये डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे आर. जे. आझमी यांनी विंध्य चुनखडीत सूक्ष्म कवचयुक्त जीवाश्म सापडल्याचे जाहीर केले. असे जीवाश्म कॅम्ब्रियन कालाच्या आरंभीचे, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचे समजले जात. त्यावरून त्यांनी खडकांचे वय तेवढेच मानले. खडक त्याहून फार जुने आहेत असे सांगणाऱ्यांनी जीवाश्मांच्या खरेपणावरच संशय घेतला, आणि वाद कटू झाला. २००९ मध्ये स्वीडनचे बेंग्ट्सन व त्यांचे सहकारी यांनी नव्याने नमुने तपासले. जीवाश्म अस्सल निघाले. मात्र खडक सुमारे १६५ कोटी वर्षांपूर्वीचे ठरले. दोन्ही पक्षांचे अर्धे अर्धे बरोबर होते. नमुने दुसऱ्याच्या हाती देता येण्याजोगे होते, स्थळ पुन्हा गाठता येत होते, म्हणूनच हा निवाडा होऊ शकला. याच्या उलट प्रकारही आपण पाहिला आहे. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी पंजाब विद्यापीठातील एका अध्यापकाचे हिमालयातील कित्येक जीवाश्म मुळात अन्य देशांतून आणलेले असल्याचे दाखवून दिले. त्या निबंधांना अनेक प्रतिष्ठित सहलेखक होते, पण त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती स्थळे पाहिलीच नव्हती. सहीपुरते सहकार्य हे असहकारापेक्षाही वाईट.

आता पुन्हा नंदिनीकडे वळू. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे १९६८ मध्ये फॉस्फेटचा मोठा साठा सापडला. तेथील विशेष हा, की फॉस्फेट मुख्यतः स्ट्रोमॅटोलाइटांच्या स्तंभांतच एकवटलेले आहे. म्हणजे जीवाश्म हेच खनिज. तेथील स्ट्रोमॅटोलाइटांचा एक भाग राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखलेला आहे आणि बाजूला खाणकाम चालते. नंदिनीचे स्तंभ इतके भाग्यवान नाहीत, कारण त्यांत खतासाठी काही नाही. खाणीच्या वापरून संपलेल्या भागांत अलीकडच्या वर्षांत वृक्षलागवड झाली आहे. उजाड खड्ड्यापेक्षा झाडे बरी, यात शंका नाही. पण भिंतीचा एक उभा छेद, पंचवीस-तीस मीटर लांबीचा का होईना, मातीखाली न घालता तसाच ठेवला, तर झाडांचे काही बिघडत नाही आणि शंभर कोटी वर्षांहून जुन्या समुद्रतळाचे पान उघडे राहते.

यासाठी नवी संस्था काढण्याची आवश्यकता नाही. खाण-आराखडे आणि खाण बंद करण्याच्या योजना तपासणारा भारतीय खाण ब्यूरो नागपुरात आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा मध्य विभागही नागपुरातच असून छत्तीसगड त्याच्या कक्षेत येतो. रायपूरला विद्यापीठ व जुने शासकीय संग्रहालय आहे. भिलाईच्या खाण-विभागाकडे स्वतःचे भूवैज्ञानिक आहेत. खाण बंद करण्याच्या योजनेत कोणता छेद राखावयाचा याचा एक रकाना घातला, तर या चौघांना वर्षातून एकदा तरी एकाच खड्ड्याच्या काठावर उभे राहावे लागेल. २०२२ च्या डिसेंबरात खाण मंत्रालयाने भूवारसा-स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा अधिकार जवळजवळ सर्वस्वी सर्वेक्षणाच्या हाती एकवटतात आणि विद्यापीठांना व इतरांना त्यात स्थान नाही, अशी टीका अभ्यासकांकडून झाली. ती टीका रास्त होती. एकाच घराला किल्ली दिली की बाकीची तिन्ही घरे दाराशी उभी राहतात.

दगडापेक्षाही त्वरेने नष्ट होणारी एक वस्तू आहे, तिचा उल्लेख करून थांबू. खाण उघडण्यापूर्वी आणि चालू असताना खोल छिद्रे घेतली जातात व त्यांतून दगडाचे लांब दंडगोल, म्हणजे गाभे, निघतात. ते लाकडी वा पत्र्याच्या पेट्यांत क्रमाने मांडून ठेवतात. रासायनिक तपासणीसाठी अर्धा भाग फोडला की उरलेला अर्धा कित्येकदा शेडच्या कोपऱ्यात पडून राहतो, पावसाने पेटी कुजते, खुणेचे आकडे पुसले जातात, आणि मग एके दिवशी जागा हवी म्हणून तो ढिगावर टाकला जातो. राखेचा बोटभर जाडीचा थर जमिनीवर शोधणे दुष्कर, पण गाभ्यात तो रंगावरून ओळखू येतो. म्हणून गाभ्याच्या पेटीवर छिद्राचा क्रमांक, खोली, दिशा आणि तारीख ही तैलरंगाने लिहिलेली असावीत, आणि पेटी टाकण्याआधी सर्वेक्षणाच्या गाभा-भांडारास एक पत्र जावे. पत्राचे उत्तर येईपर्यंत पेटी शेडमध्येच राहावी.